माइकपुढे उभे राहण्याआधी कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव दोन महिन्यांवर आला की आमच्या स्टुडिओतला फोन खाली ठेवायला उसंत मिळत नाही. गाणे रेकॉर्ड करायला नवी मुले-मुली येतात. कोणी सांगोल्याहून, कोणी परभणीहून, कोणी इथल्याच धनकवडीतून. आईवडिलांनी बाजूला टाकलेले किंवा मित्रांनी वर्गणी काढून जमवलेले वीस-पंचवीस हजार रुपये बरोबर असतात, मोबाइलमध्ये चालीचा कच्चा ट्रॅक असतो आणि तोंडी एकच प्रश्न असतो, की आवाज कंपनीच्या गाण्यासारखा येईल ना? आवाज येतो, हल्ली त्याचे तंत्र फार अवघड राहिलेले नाही. हे गाणे उद्या कोणाच्या मालकीचे असेल, हे मात्र अठ्ठावीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणाच्या कामात मला फार थोड्यांनी विचारले. आपल्या पुरवणीत नव्या गायकांच्या मुलाखती मी आवडीने वाचतो. त्यांत गुरू, रियाज, संघर्ष आणि व्ह्यूजचे आकडे असतात, पण सही कशावर केली याचा उल्लेख सहसा नसतो. त्या राहून गेलेल्या गोष्टीविषयी हे पत्र आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी पंढरपूर भागातल्या एका मुलाने आमच्याकडे विठ्ठलाचे गाणे केले. शब्द त्याच्या चुलत्यांचे, चाल त्याची, आवाज त्याचा आणि स्टुडिओचा खर्चही त्याचाच. गाणे तयार झाल्यावर एका कंपनीने त्याला अकरा हजार रुपये दिले, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर सही घेतली आणि गाणे आपल्या चॅनेलवर चढवले. वारीच्या दिवसांत ते चांगले चालले. पुढच्या आषाढीला या मुलाने पेटी घेऊन तेच गाणे स्वतःच्या चॅनेलवर म्हटले, तर दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओवर कंपनीचा क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, आला आणि त्यावरचे उत्पन्न कंपनीकडे वळले. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. इंग्रजीतली चार पाने होती आणि त्यांत 'फुल अँड फायनल' हे शब्द तीन ठिकाणी होते. मुलाने ती वाचली नव्हती, कारण वाचायला मागितली तर कंपनीला राग येईल असे त्याला वाटले होते.

कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात किमान चार वेगळे हक्क असतात आणि बहुतेक घोळ ते सगळे एकच आहेत असे समजल्यामुळे होतो. शब्दांचा हक्क गीतकाराचा. चालीचा हक्क संगीतकाराचा. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात शब्द आणि चाल या दोन स्वतंत्र कृती धरल्या आहेत. तिसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी पत्करून ते ध्वनिमुद्रण घडवून आणले, त्या निर्मात्याचा तो असतो. चौथा हक्क गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा, सादरकर्ता म्हणून. यातला तिसरा हक्क नव्या कलाकाराने नीट समजून घ्यावा, कारण आजच्या काळात निर्माता बहुतेक वेळा तो स्वतःच असतो. स्टुडिओचे भाडे, संगीत संयोजकाचे मानधन, मिक्सिंग, मास्टरिंग आणि व्हिडिओ, हे सगळे ज्याने खिशातून केले, तो मास्टरचा मालक आहे. ज्या कंपनीने यातले काहीच केलेले नाही आणि जी गाणे केवळ आपल्या चॅनेलवर टाकणार आहे, तिला मास्टर कायमचे लिहून देणे म्हणजे स्वतः बांधलेले घर रंग देणाऱ्याच्या नावावर करण्यासारखे आहे. कंपनीचे चॅनेल मोठे आहे, तिथे गाणे लोकांपर्यंत पोहोचते, हे खरे आहे आणि त्याचा मोबदला तिने जरूर घ्यावा. पण तो ठरावीक मुदतीच्या परवान्याने आणि उत्पन्नातल्या वाट्याने देता येतो.

म्हणून पहिली काळजी स्टुडिओतच घ्यावी, आणि हे मी स्टुडिओवाला असून सांगतो. बिल स्वतःच्या नावाने घ्यावे. काम संपल्यावर फक्त तयार गाणे न घेता सेशनची फाइल आणि प्रत्येक वाद्याचे वेगळे ट्रॅक हार्ड डिस्कवर मागून घ्यावेत. पुढे मागे रीमिक्स करायचे झाले किंवा स्टुडिओच बंद पडला तर दुसरा आधार नसतो. संगीत संयोजकाकडून अर्ध्या पानाचा कागद सही करून घ्यावा. पैसे दिले म्हणजे त्याने केलेले काम आपोआप आपले झाले, असा समज सर्वत्र आहे, पण संगीताच्या बाबतीत कायदा तसे सरसकट म्हणत नाही. हक्क लिहून द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. गाण्याच्या सुरुवातीचा जो पीस लोकांच्या तोंडी बसतो, तो पुष्कळदा संयोजकाच्याच डोक्यातून आलेला असतो. त्याचा त्यात वाटा असेल तर तो आधीच ठरवावा आणि नसेल तर तेही लिहावे.

इंटरनेटवरून दोन-तीन हजारांत घेतलेल्या बीट्सबद्दल, म्हणजे गाण्यामागच्या तयार वाद्यसंगीताबद्दल, तर मी रोज एकाला तरी सावध करतो. अशी बीट बहुधा विकत मिळतच नाही, भाड्याने मिळते. तिचा परवाना शंभर जणांना दिलेला असू शकतो. मग आपण, गाणी ऑनलाइन पोहोचवणाऱ्या वितरकामार्फत, कंटेंट आयडी या यूट्यूबच्या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत गाणे नोंदवतो आणि तीच बीट वापरणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या गाण्यावर आपला क्लेम जातो, किंवा त्याचा आपल्यावर येतो. कराओके ट्रॅकवर गाऊन ते स्वतःचे म्हणून चढवणाऱ्यांची गत याहून वाईट होते.

आता करार. २०१२ मध्ये कायद्यात झालेली दुरुस्ती नव्या कलाकारांच्या बाजूची आहे, पण ती माहीत असणारे मला क्वचितच भेटतात. गीतकार आणि संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा घेण्याचा त्यांचा अधिकार त्यांना सोडून देता येत नाही. सिनेमाच्या गाण्यांना त्यात चित्रपटगृहातल्या प्रदर्शनापुरता अपवाद आहे. एरवी वाटा सोडल्याची अट करारात असली तरी ती टिकत नाही. हक्क किती काळासाठी दिला हे करारात लिहिलेच नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरता. करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात नाव घेऊन लिहिलेले नसेल तर दिलेला हक्क त्याला लागू होत नाही. घेणाऱ्याने एका वर्षात त्या हक्काचा वापरच केला नाही तर, करारात वेगळे म्हटलेले नसल्यास, हक्क परत येतो. हे सगळे कंपन्यांच्या वकिलांना पाठ असते, त्यामुळे त्यांच्या मसुद्यात मुदत 'कायमची' असते आणि प्रदेश 'संपूर्ण विश्व' असतो. पहिल्यांदा मी ते वाचले तेव्हा हसलो होतो. मंगळावर कोणी वारीचे गाणे लावले तरी पैसे कंपनीचेच, असा त्याचा अर्थ. नव्या कलाकाराने विश्वाची चिंता करू नये, पण 'कायमची' हा शब्द खोडून तिथे पाच किंवा सात वर्षे लिहून मागावीत. कंपनी नाही म्हणेल, कदाचित. मागितले म्हणून कोणी गाणे परत केल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

ॲडव्हान्स या शब्दाने मुले हुरळून जातात. ऊसतोड कामगारांच्या किंवा तमाशा कलावंतांच्या घरातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही, कारण त्याला तिथे उचल म्हणतात आणि उचल फेडावी लागते हे त्या घरातले लहान मूलही जाणते. कंपनीचा ॲडव्हान्स ही उचलच आहे. आपल्या वाट्याच्या रॉयल्टीतून ती वळती होईपर्यंत हातात काही येत नाही, आणि व्हिडिओचा, जाहिरातीचा, एखाद्या रीलवाल्याला दिलेल्या पैशांचा खर्चही तिच्यात मिळवण्याची मुभा करारात असेल तर ती फिटतच नाही. खर्चाला कमाल मर्यादा, दर सहा महिन्यांनी हिशेब आणि हिशेब तपासण्याचा अधिकार, ही तीन कलमे नसतील तर टक्केवारी पंधरा असो की पन्नास, तिला फारसा अर्थ उरत नाही.

कंपनीकडे न जाता स्वतः गाणे प्रसिद्ध करण्याचा मार्ग आता सगळ्यांना खुला आहे. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर यांसारखे वितरक गाणे स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन अशा सर्व ठिकाणी पोहोचवतात. त्यांच्यातही वार्षिक वर्गणी घेणारे आणि उत्पन्नातला टक्का घेणारे असे प्रकार आहेत. वर्गणी थकली तर गाणे उतरवले जाऊ शकते, हे आधी वाचून घ्यावे. पैशांच्या अपेक्षा मात्र जमिनीवर ठेवाव्यात. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम्स नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. मग व्हॉट्सॲपवर 'दहा हजार व्ह्यूज अमुक रुपयांत' असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागलेल्या एका मुलीचे गाणे वितरकाने सगळीकडून काढून टाकले. खोटे स्ट्रीम्स आढळले तर स्पॉटिफाय वितरकांना दंड करते, त्यामुळे वितरक अशा वेळी दयामाया दाखवत नाहीत. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणे पाठवायचे तर ते प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी चढलेले असावे लागते. आमच्याकडे गाण्यांची शेवटची फाइलच चतुर्थीच्या आदल्या रात्री तयार होते!

नावाच्या बाबतीत तर निष्काळजीपणा विलक्षण आहे. महाराष्ट्रात एकाच नावाआडनावाचे दहा गायक सहज सापडतात आणि एकाची गाणी दुसऱ्याच्या प्रोफाइलवर जाऊन बसतात. कधी मधले नाव लावायचे, कधी नाही, रोमनमधले स्पेलिंग दर गाण्याला वेगळे, गीतकाराच्या रकान्यात गायकाचेच नाव; आणि मग पैसे आले नाहीत अशी तक्रार. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवावा आणि वितरक बदलला तरी तोच पुढे न्यावा, नाहीतर आधीचे स्ट्रीम्स त्या गाण्यापासून तुटतात. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गायले तेव्हा शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले होते, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोणाचा आवाज आहे हे कळायला दुसरी सोय नव्हती. हे काम आज सहा रकान्यांच्या अर्जावर होते आणि तो अर्ज आपण रिक्षात बसून भरतो.

रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांचे सभासद होणे हाही असाच दुर्लक्षित विषय आहे. गीतकार आणि संगीतकारांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, मुंबईतच आहे. कार्यक्रम, हॉटेले, रेडिओ आणि स्ट्रीमिंग यांतून येणारे शब्द-चालीचे पैसे तिच्यामार्फत वाटले जातात. रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजते तेव्हा त्यातल्या शब्दांचे आणि चालीचेही पैसे द्यावे लागतात, असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला, तो याच संस्थेच्या दाव्यात. गायकांसाठी २०१३ मध्ये जी संस्था उभी राहिली, ती पुढे वादकांनाही सामावून घेऊन इस्माराच्या रूपात काम करू लागली. गायकांचा हा हक्क मिळायला किती काळ गेला हे नव्यांनी जाणून घ्यावे. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला, मोहम्मद रफी यांना तो पटला नाही आणि काही वर्षे त्या दोघांनी एकत्र गाणे थांबवले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांना निकालात खंत नोंदवावी लागली की गाण्याचा आत्मा असलेल्या गायकाला आपला कायदा काहीच देत नाही. सादरकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि व्यापारी वापराच्या रॉयल्टीची तरतूद २०१२ मध्ये. मी ज्या मुलांना विचारतो, त्यांतली बहुतेक या दोन्ही संस्थांपैकी एकीचीही सभासद नसतात.

जुन्या रचना घेताना होणारी गल्लतही सांगायला हवी. तुकोबांच्या किंवा जनाबाईंच्या शब्दांवर कोणाचाही हक्क नाही, ते सगळ्यांचे आहेत. पण त्यांना विसाव्या शतकात कोणी लावलेली चाल तशी मोकळी नसते. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत राहतो, कारण तो मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा कर्डक यांचे शब्द २०६४ पर्यंत संरक्षित आहेत, अण्णा भाऊ साठे यांचे २०२९ पर्यंत. जयंतीच्या दिवसांत त्यांची गाणी नव्या ढंगात करणाऱ्या मुलांना वाटते की ही समाजाची गाणी आहेत, परवानगी कसली? भावना समजते, पण कंपनीचा क्लेम भावनेवर येत नाही. कव्हर, म्हणजे आधी आलेले गाणे नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करण्याची सोय कायद्यात आहे. मूळ ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षे उलटलेली हवीत, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. हे माप कॅसेट-सीडीच्या काळातले आहे. त्यापेक्षा ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिला ईमेल करून परवाना मागावा. लोकगीताचा प्रश्न वेगळा. जात्यावरची ओवी कोणाची नसते, तरी ज्या आजीकडून ती मिळाली तिचे नाव तपशिलात लिहायला कायद्याची गरज पडू नये.

दोन वर्षांपासून करारांत एक नवे कलम दिसू लागले आहे, ज्यात गायकाचा आवाज 'कोणत्याही तंत्रज्ञानाने' वापरण्याची किंवा त्यावरून नवा आवाज तयार करण्याची परवानगी असते. अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल थांबवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. त्यांनी आवाज कोणाला लिहून दिलेला नव्हता. आपण सहीच करून दिली तर न्यायालयात काय सांगणार? हे कलम पूर्ण खोडावे, यात तडजोड नको.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क कृती तयार होताच निर्माण होतो. तरी शब्द किंवा चालीच्या नोंदणीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीला २,००० रुपये शुल्क आहे आणि वाद झालाच तर तो कागद उपयोगी पडतो. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून ठेवण्याचा जुना उपाय अजून काही जण करतात, त्यात पोस्टाचे भले होते. करांविषयी एवढेच, की मानधनातून टीडीएस कापला गेला असेल तर विवरणपत्र भरावे. परताव्याचे पैसे सोडून देणारे गायक मी पाहिले आहेत.

आपल्या पुरवणीतल्या मुलाखतींत हा एक प्रश्न विचारला जावा, अशी विनंती आहे. संगीत विशारदच्या परीक्षेत किंवा विद्यापीठांच्या ललित कला विभागांत करार वाचण्याचा एक छोटा पेपर ठेवता आला तर फारच बरे. राग ओळखता येणाऱ्याला कलम ओळखणे अवघड जाऊ नये.

पंढरपूरकडच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. करारात चुलत्यांची सही नव्हती, म्हणजे शब्दांचा हक्क कंपनीकडे कधी गेलाच नव्हता. एका वकिलांनी एवढ्या एका मुद्द्यावर नोटीस पाठवली आणि महिनाभरात त्याच्या व्हिडिओवरचा क्लेम निघाला. अकरा हजारांवर पैसा मात्र एकही मिळाला नाही आणि मास्टर अजून कंपनीकडेच आहे. तेव्हापासून मी स्टुडिओत अर्ध्या पानाचा मराठी कागद छापून ठेवला आहे. त्यावर शब्द, चाल, संयोजन, आवाज आणि खर्च असे रकाने आहेत, पुढे नाव, टक्का आणि सही. तो भरल्याशिवाय हेडफोन देत नाही. मागच्या महिन्यात चार जिवलग मित्र आले होते. आमच्यात कागद कशाला, असे म्हणत त्यांनी तो हसतहसत भरायला घेतला आणि चालीच्या रकान्यात तिघांनी आपापले नाव लिहिले. त्या दिवशी रेकॉर्डिंग झाले नाही. दुपारभर ते बाहेरच्या चहाच्या टपरीवर भांडत होते. स्टुडिओचे भाडे मी लावले नाही. पुढच्या गुरुवारी तेच चौघे परत आले, तेव्हा कागद घरूनच भरून आणलेला होता.

आपला विश्वासू,
एक ध्वनिमुद्रक, पुणे